नवसाचे रोडगे आणि उरलेली किडनी

कॅन्सरची गाठ धरलेली माझी डावी किडनी काढली, तेव्हा मी समजलो की भांडण मिटलं. सुट्टी देताना डॉक्टर म्हणाले, "बाबा, कॅन्सर गेला. पण शुगर आवरली नाही तर जखम भरणार नाही, उरलेली किडनीही जाईल." शुगर तर कित्येक वर्षांची घरातलीच. तिनं मला कधी चिमटा काढला नव्हता. इन्सुलिनची सुई मी अंगाला लागू दिली नाही.

माझ्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, ऑपरेशनच्या आधीच शेतातल्या मारुतीला रोडगे कबूल केले होते. टाके काढले अन् सगेसोयरे शेतात जमले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वांग्याची भाजी, तूप, गूळ. आमच्यात ज्याच्यासाठी नवस, त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगत ताटाला हात लावत नाही. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत बसलेले. मी रोडगा फोडून त्यात गूळ-तूप कालवलं.

पोरानं माझं मनगट धरलं. "बाबा, नका खाऊ. सकाळची शुगर पाह्यली ना?"

"नवसाचं हाय बे. मारुती पाहून घेईन."

"मारुती डायलिसिस करून देणार हाय का? एकच किडनी राह्यली तुमची!"

पंगतीतून कोणीतरी हसलं, "काऊन गा, पोरगं जेवू देत नाई का?"

माझं डोकं फिरलं. मी घास उचलला, तर पोरानं लाथेनं ताट उडवलं. मारुतीपुढचं अन्न! मी भाजीच्या चुलीतलं जळकं लाकूड ओढलं अन् त्याच्या पाठीत हाणलं. दुसरा वार त्यानं वरच्यावर धरला अन् मला ढकललं. मी ढेकळांवर डाव्या कुशीवर आदळलो अन् ऑपरेशनची जखम उसवली. सदरा ओला झाला. रक्तापेक्षा पूच जास्त होता.

"यानंच फाडलं मले!" मी दवाखान्यात ओरडत होतो. डॉक्टरांनी जखमेत बोट घातलं. "हे आजचं नाही. आत आधीपासून सडत होतं, शुगरमुळे." मग त्यांनी आतली घाण खरवडून काढली. मी खाटेची दांडी धरून सगळ्यांच्या खानदानाचा उद्धार केला. "कॅन्सरचा मागमूस नाही," रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "पण किडनी कमजोर व्हायला लागली."

त्या दिवसापासून घरात रोज कुस्ती. पोरगं माझे हात गादीवर दाबून धरायचं, म्हातारी पोटात सुई मारायची. एकदा मी त्याचा अंगठा रक्त निघेपर्यंत चावला.

"चावा, बाबा," तो म्हणाला. "रेबीजची सुई मी घेतो, तुमची तुमी घ्या."

जखम बुजायला अख्खा पावसाळा गेला. परवा रक्त तपासलं. किडनी होती तिथंच थांबली, आता घसरली तर डायलिसिसच्या मशीनवरच. घरी आल्यावर पोरगं सवयीनं बाह्या सारून माझ्या छाताडाशी आलं.

"हट. दे इकडं."

सुई मी स्वतःच पोटात अशी खुपसली की म्हातारी किंचाळली, "अवो, हळू! वैऱ्याचं पोट हाय का ते?"