काचेवरचं बोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. चौघांत तोंड उघडणारी बाई नाही मी, पण इथं लिहिते. वाचून ‘एवढंच ना?’ म्हणणार असाल, तर म्हणा. मला ते एवढंच वाटत नाही.

किनवटकडच्या मुलींच्या वसतिगृहात मी स्वयंपाक करते. गेल्या थंडीत विज्ञानाच्या सरांनी जेवणं झाल्यावर मैदानात मोठी दुर्बीण लावली. शेजारची दीर्घिका दाखवणार होते — म्हणजे आपल्यासारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव. त्यात ताऱ्यांचे पुंजके, आणि एक तेजोमेघ, जिथं नवे तारे जन्मतात. माझी भांडी घासायची पडली होती, म्हणून सर म्हणाले, ‘मावशी, आधी तुम्ही बघा.’

मी पाहिलं — आणि दिसलं! सरळ पाहिलं की विरायचं, नजर जरा बाजूला नेली की परत यायचं. मग काय झालं माझं? स्वयंपाकात मी सगळं बोटानं बघते. पाक झाला का, तूप निवलं का — बोट. तसंच गेलं ते. थेट डोळा लावायच्या काचेवर. हाताला तेल होतं. घाबरून पदरानं पुसलं, तर आणखी फासलं.

सर रांग लावत होते. मी बाजूला झाले. दुर्बीण ताऱ्यांमागं आपोआप फिरत होती, सरांना परत डोळा लावावा लागला नाही. धुरकट ढगासारखं दिसेल, असं त्यांनी सांगितलंच होतं. एकेक मुलगी ‘दिसला, ढग दिसला’ म्हणत पुढं सरकली. सातवीतली रेणुका तेवढी अडली.

‘सर, हे तर समद्याच चांदण्यांभवती हाय. काचेला डाग हाय.’

‘तुझ्याच डोळ्यात असंल!’ मागून कुणी म्हणालं. सगळ्या हसल्या. सरांनी तिला मागं धाडलं. नांदेडला आकाश बघायला जाणाऱ्या मुलींत तिचं नाव होतं, तेही काढलं — उद्धट म्हणून.

मी भांडी घासायला निघून गेले. पण खरं ते पुढंच आहे.

सकाळी ती चुलीपाशी आली. ‘मावशी, तुमी पयल्या व्हत्या. तुमाला दिसला का डाग?’

मी भाकरी थापत होते. म्हणाले, ‘न्हाई गं. लई झाक दिसलं.’

शब्दाला शब्द खरा — मी पाहिलं तेव्हा डाग नव्हताच. म्हणून तर पक्कं खोटं.

चौथी शिकलेली बाई, घाबरली असेल — असं म्हणून मला सोडवू नका. नोकरी जाणार नव्हती. सर दोन शब्द बोलले असते, संपलं असतं. पण मावशींना पहिल्याच नजरेत दिसलं, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. मुली माझ्याकडं बघत होत्या. आवडलं मला ते. आजही आवडतं.

रेणुकानं माझं खरं मानलं. आता फळ्यावरचंसुद्धा ती शेजारणीला विचारते, ‘तुला काय दिसतंय गं?’ — आणि तिचं बघून उतरवते.

रोज तिला मीच वाढते. अजून काही बोललेले नाही.