घुंगरू बाहेर, सुपारी आत

आमच्या घरात तो खेळ आला त्या वर्षी मी बारावीला होते. मला न कळलेली गोष्ट तेव्हाही खपत नसे, आजही खपत नाही. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी ते का आलं हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. आणि नेमकं त्या दिवाळीत आमच्याच घरात जे घडलं, ते इतकी वर्षं झाली तरी मला धड उलगडलेलं नाही.

भाऊ शहरात इंजिनिअरिंगला होता. पुसेगावकडच्या आमच्या लहानशा गावातून इंजिनिअरिंगला गेलेला तो पहिलाच. वडील मेंढ्या घेऊन निघाले की वाटेत भेटेल त्याला थांबवून पोराची खबर सांगत, मग समोरच्याला ऐकायची असो नसो. त्या दिवाळीला तो जीपमधून उतरला तेव्हा नेहमीपेक्षा गप्प होता. पिशवीतून मात्र त्यानं एक पिवळा फासा काढला. साधा नाही, वीस बाजूंचा. होस्टेलमधल्या एका मुलाच्या मामानं परदेशातून एक खेळ आणला होता, त्यातला हा एक फासा त्या मुलानं भावाला देऊन टाकला होता.

आईनं फासा उलटासुलटा करून पाहिला. "फाशापायी राज्यं गेली म्हणतेत. ह्यो घरात कशाला आणला?"

"माय, ह्याच्यात पैसे लावत न्हाईत."

"मंग जितते कोण?"

"कोणीच न्हाई."

"आन् हारते कोण?"

"कोणीच न्हाई. चालूच राहते. संपत न्हाई."

"म्हंजे संसारच की," आई म्हणाली आणि फासा परत देऊन टाकला.

कापसाच्या बियाण्याचं एक मोठं पोस्टर घरात होतं. भावानं त्याच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं चौकोन आखले आणि त्यात एक गुहा काढली. बाहेर मोकळं रान, मग गुहेचं तोंड, आत बोळ, बोळाच्या शेवटी खोल्या. पोस्टर त्यानं जुन्या दाराच्या फळीवर खिळ्यांनी ठोकलं. खेळ थांबला की फळी आहे तशी उचलून धान्याच्या कोठीवर ठेवायची, म्हणजे कोण कुठं होतं ते दुसऱ्या दिवशी विसरायला नको. आम्ही तिघं वाटसरू. गुहेत काय आहे ते फक्त भावाला माहीत, आणि गुहेत जे कोणी भेटेल त्याच्या वतीनं तोच बोलणार. धोक्याचं काही करायचं असलं की आधी फासा टाकायचा, आकडा मोठा आला तर ते जमलं.

मला पहिल्या मिनिटापासून काही कळेना. मी म्हणजे मी की वाटसरू? बोलायचं कोणी? त्याच्या मनात असेल ते करायचं की माझ्या? भाऊ म्हणाला, "आधी सोंगट्या मांडा, मंग कळेल." मी एक निळं बटण घेतलं. आईनं देव्हाऱ्यातली सुपारी आणली.

"सत्यनारायणाला बायको माहेरी गेलेली असली की तिच्या जागी सुपारी मांडतेत," ती म्हणाली. "तसंच ना हे?"

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. "तसंच, माय."

तिला कळलं आणि मला कळलं नाही, याचा मला राग आला.

वडिलांनी खिशातून एक घुंगरू काढलं. कोकराच्या गळ्यातलं, दोरी तुटली म्हणून खिशात पडलेलं. ते चौकोनावर ठेवलं की किणकिण वाजायचं. भावानं सांगितलं, आत राक्षस झोपलेला आहे, आवाज झाला तर उठेल. झालं, वडिलांचा निर्णय तिथंच झाला. "आपलं वाजते. आपून बाहेर थांबतो. तुमी जा आत. बाहेर बी कोणी लागतेच की." रानात असोत की गुहेपाशी, राखणीला मागं थांबायचं हा त्यांचा स्वभाव.

मग भावानं एक नियम सांगितला. ज्याची सोंगटी ज्या खोलीत, त्याला त्याच खोलीतलं कळतं. आत काय बोलणं झालं ते बाहेरच्याला माहीत नाही. फळीवर जिथं आहात, तिथंच तुम्ही आहात.

बटण आणि सुपारी बोळातून आत सरकली तसे वडील उठले आणि चपला घालून सरळ बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"बाबा, उठायचं न्हाई," भाऊ हसायला लागला. "इथंच बसा. फकस्त ऐकलं न्हाई असं समजा."

"कानानं ऐकलेलं न ऐकल्यावानी कसं करावं?" वडील ओट्यावरून म्हणाले. "मला न्हाई जमायचं ते."

पुढं रोज तेच. दिवेलागणीला मेंढ्या काट्याकुट्यांच्या वाडग्यात कोंडून, हातपाय धुऊन वडील येत, घुंगराला बोटानं एकदा वाजवून बघत आणि बाहेर जाऊन बसत. आई वाती वळता वळता खेळायची आणि प्रत्येक खोलीत शिरली की आधी विचारायची, इथं चूल कुठंय. मी नियम पाठ करत होते आणि दरवेळी चुकत होते. एकदा मी आईला "तू" म्हणायच्या ऐवजी "सुपारी" म्हणाले. घरात नेमकं कोण बोलतंय ते मला समजेनासं झालं होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अगदी स्पष्ट होती. दिवाळीनंतरच्या सेनगावच्या बाजारात वडील निम्मी मेंढरं विकणार होते. भावाची पुढची फीस भरायची होती. त्यांनी मेंढ्या निवडूनही ठेवल्या होत्या, कपाळाला गेरूचा टिळा लावून. त्यातल्या दोन-तीन मी हातानं दूध पाजून वाढवलेल्या, म्हणून वाडग्याकडं बघायचं मी टाळत होते.

बाजार परवावर आला होता. लाइट गेलेली, फळीशेजारी कंदील ठेवलेला. वडील ओट्यावर. आम्ही गुहेच्या शेवटच्या खोलीत पोहोचलो. तिथं भावानं एक चिंचोका ठेवला आणि म्हणाला, साखळदंडात बांधलेला एक माणूस आहे.

"कोण हायेस तू?" मी चिंचोक्याला विचारलं.

"मी किल्ले बांधायचं शिकाय आलो व्हतो," तो कैदी भावाच्या तोंडून म्हणाला. "पहिल्या वर्षी उस्तादानं न्हाई म्हणलं. दुसऱ्या वर्षी बी न्हाई म्हणलं. मंग माझं नावच काढून टाकलं."

"मंग घरी काहून न्हाई गेला?"

"घरच्याइला वाटून राहिलं, मी किल्ला बांधून राहिलो."

मी खूश झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला खेळ कळत होता. साखळीची किल्ली कोणाकडे आहे, असं मी त्याला विचारणार होते, तेवढ्यात आईचा वात वळणारा हात थांबला.

"हे त्यो बोलून राहिला का तू बोलून राहिला?"

"त्यो," भाऊ म्हणाला.

"माय, असं मधीच इचारू नको ना," मी वैतागून म्हणाले. "खेळ बिघडते."

"मी, माय," भाऊ म्हणाला. "मी बोलून राहिलो."

त्यानं सगळं सांगितलं. दोन वर्षं नापास झाल्यावर कॉलेजनं नाव काढलं, त्याला वर्ष होऊन गेलं. होस्टेल सुटलं. झेरॉक्सच्या एका दुकानात तो टायपिंग करतो आणि रात्री तिथंच झोपतो. बाबांना सांगायचं म्हणून जीपमध्ये बसला होता, पण उतरल्यावर तोंडच उघडेना. परवा मेंढ्या बाजाराला जाणार आणि त्या कशासाठी विकायच्या तेच आता राहिलेलं नाही. मी वेड्यासारखी चिंचोक्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात एवढंच येत होतं की, हा आत्ता कोणत्या खोलीत बोलतोय?

मान वर केली तर दारात वडील उभे. खुंटीवरची तंबाखूची चंची न्यायला आले असावेत. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग फळीकडे.

"माझं घुंगरू कुठं हाय?"

आई म्हणाली, "बाहेरच हाय."

"मंग मी बाहेर हाय," वडील म्हणाले. चंची काढली आणि ओट्यावर निघून गेले.

त्यानंतरचे दोन दिवस आठवले तरी माझं डोकं भणभणतं. त्यांनी ऐकलं की नाही? आई म्हणाली, "ऐकलं. तुझ्या बापाला वाडग्यात कोकरू शिंकलं तरी ऐकू येते." मी म्हणाले, नाही ऐकलं. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं जमत नाही हे त्यांनीच सांगितलं होतं. ऐकलं असतं तर ओरडले असते, निदान जेवले तरी नसते. ते तर दोन भाकरी जास्त खाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी भाऊ सकाळपासून त्यांच्या मागं मागं फिरला. "बाबा," म्हणायचा आणि घोटाळायचा. वडील वाट बघायचे. मनापासून थांबायचे, मला दिसत होतं. मग म्हणायचे, "मेंढ्या तान्हेल्या असतेन," आणि निघायचे. शेजारच्यानं विचारलं, इंजिनिअर कधी जाणार? तर म्हणाले, "त्याले इचारा." आता याचा अर्थ काय घ्यायचा? मला तिघांचाही राग येत होता. एकाला सांगता येईना, एक ऐकल्याचं कबूल करेना आणि तिसरी नुसती वाती वळत बसलेली.

बाजाराच्या दिवशी भाऊ अंधारातच आंघोळ करून दारात बसला. मेंढ्या गावाबाहेर पडायच्या आत बोलायचंच असं त्यानं आईला सांगितलं होतं. वडिलांनी वाडग्याचं दार उघडलं, गेरूच्या टिळ्याच्या मेंढ्या बाकीच्यांत मिसळू दिल्या आणि सगळा कळप सोयाबीन काढलेल्या रानाकडं वळवला. सेनगावचा रस्ता उलट्या बाजूला.

"बाबा, बाजार?" मी ओरडून विचारलं.

"आज न्हाई."

"काहून?"

"रानात चारा हाय अजून."

हे काय उत्तर झालं? भाऊ दारातच बसून राहिला. आई आतून म्हणाली, "बघ, म्हणलं व्हतं का न्हाई? ऐकलं त्याह्यनं."

"ऐकलं तं मंग बोलत काहून न्हाईत?" मी म्हणाले.

"ते मला काय म्हाईत?"

संध्याकाळी वडील आले. मेंढ्या कोंडल्या, हातपाय धुतले आणि कोठीकडं बोट दाखवून मला म्हणाले, "फळी काढ."

कैदी भेटला त्या रात्रीपासून फळीला कोणी हात लावला नव्हता. मी ती जपून खाली ठेवली. शेवटच्या खोलीत सुपारी, बटण आणि चिंचोका, बाहेरच्या रानात घुंगरू, सगळं जिथल्या तिथं. आम्ही आपापल्या जागी बसलो. वडील ओट्यावर गेले नाहीत. मांडी घालून बसले आणि त्यांनी घुंगरू उचललं.

"बाबा, आत राक्षस झोपेल हाय," भाऊ सवयीनं म्हणाला. "वाजलं तं उठंल. आधी फासा टाका."

"उठू दे."

त्यांनी फाशाकडं बघितलंही नाही. घुंगरू एकेका चौकोनावर ठेवत, दरवेळी वाजू देत, गुहेच्या तोंडातून बोळात आणि बोळातून शेवटच्या खोलीत आणलं. सुपारीच्या आणि बटणाच्या मध्ये, चिंचोक्याच्या पुढ्यात ठेवलं.

"आता मी आत हाय," ते म्हणाले. "सांग."

भावानं सांगितलं. या वेळी कैदी नव्हता, उस्ताद नव्हता, किल्ला नव्हता. मध्येच तो रडायला लागला आणि मलाही रडू आलं. वडिलांनी ते सगळं पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं. जिथं माणूस दचकेल तिथं दचकले. दुकानात झोपतोस तर अंथरायला काय आहे, जेवतोस कुठं, मालक कसा आहे, एकेक विचारत गेले. भाऊ थांबल्यावर त्यांनी बोटानं घुंगरू इकडून तिकडे केलं.

"न्हाई जमलं तं न्हाई जमलं," ते म्हणाले. "पर वरीसभर येकटाच काहून राह्यला रे?"

भावानं त्यांचे पाय धरले, तर त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि आईला म्हणाले, भाकरी वाढ. मेंढ्यांचा विषय निघालाच नाही. सकाळी मी पाहिलं तर वाडग्यात त्यांनी ओल्या फडक्यानं एकेकीच्या कपाळावरचा गेरू पुसून काढला होता.

पण त्या रात्री मला गप्प बसवलं नव्हतं. भाकरी वाढून होते न होते तोच मी विचारलं, "बाबा, तुमी त्या दिशी ऐकलं व्हतं ना?"

"कवा?"

"चंची न्यायला आले व्हते तवा. दारात उभे व्हते की तुमी!"

वडिलांनी घास चावून गिळला. "तवा मी बाहेर व्हतो," ते म्हणाले. "इचार तुझ्या मायला."

मी आईकडे वळले. त्यांनी ऐकलंय म्हणून माझ्याशी भांडणारी माझी आई तव्यावरची भाकरी उलटत होती.

"बाहेरच व्हते," ती म्हणाली.