तैलग्रंथीही कोऱ्या!

"मॅडम, रिसेप्टर निगेटिव्ह! मालतीबाईंना घरी सोडतो," फोनवर आमचे सर्जन डॉ. वाधवानी एकदम खुशीत.

"सोडू नका. आधी स्लाइड बघू दे मला."

मी उल्हासनगरात पॅथॉलॉजिस्ट. कुळगावच्या मालतीबाईंच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी, नाकाला लागून, कडक चट्टा होता. त्यातला तुकडा मी तपासला होता. एकतर ती केसाच्या मुळाशी होणारी साधी गाठ होती, नाहीतर बेसल सेल कार्सिनोमा. हा त्वचेचा नेहमीचा कॅन्सर, पण त्यातला आत मुळं सोडणारा आक्रमक प्रकार असला आणि तसाच राहिला, तर डोळाही जाऊ शकतो. मायक्रोस्कोपखाली दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. म्हणून मुंबईच्या लॅबला अँड्रोजन रिसेप्टरची टेस्ट सांगितली. रिसेप्टर म्हणजे हार्मोन पकडणारं पेशीतलं प्रोटीन. ते असलं की पेशी तपकिरी रंगते. या कॅन्सरमध्ये ते बऱ्याचदा असतं, साध्या गाठीत सहसा नाही.

स्लाइड आली. गाठीत रंग नव्हता, खरंच. पण शेजारच्या तैलग्रंथीही कोऱ्या! त्वचेला तेल पुरवणाऱ्या या ग्रंथींत हा रिसेप्टर असतोच असतो. त्याच रंगल्या नाहीत, म्हणजे टेस्टच फसली होती.

आमच्याकडे तुकड्याची बाटली नातेवाईकच माझ्या लॅबला पोचवतात. मालतीबाईंचे जावई सुनील अंबरनाथला केमिकल कंपनीत. त्यांना बोलावलं.

"घरात गणपती होते ना मॅडम, ती बाटली घेऊन कुठे फिरणार? विसर्जन झाल्यावर आणली. पण माल खराब नाय होऊ दिला हां! कंपनीतनं कडक फॉर्मॅलिन आणून वरनं ओतलं."

मी कपाळाला हात लावला. फॉर्मॅलिन तुकडा टिकवतं, पण अती झालं की प्रोटीन जखडून टाकतं. मग रंग धरतच नाही. जास्त तापवलं की ते पुन्हा मोकळं होऊ शकतं.

मुंबईला फोन लावला. "काप जास्त वेळ तापवा आणि परत रंगवा."

"आमचे रिपोर्ट चुकत नाहीत, मॅडम," तिथले साहेब भडकले.

"अहो, तैलग्रंथीही कोऱ्या आल्यात!"

साहेब हळूच म्हणाले, "करतो रिपीट."

या वेळी ग्रंथी तपकिरी, आणि गाठही तपकिरी. कॅन्सरच होता. वाधवानींनी भोवतीच्या निरोगी त्वचेची रुंद कड घेऊन तो काढला. मुळं डोळ्याकडेच निघाली होती, पण कडा मोकळ्या मिळाल्या, तिथवर कॅन्सर पोचला नव्हता. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होते!

टाके निघाल्यावर मालतीबाई लॅबमध्ये आल्या. दोन्ही डोळ्यांनी मला नीट न्याहाळून म्हणाल्या, "तुमीच का त्या? मला न बघताच माझा डोळा राखलात, बाय."

तेव्हापासून निगेटिव्ह रिपोर्ट आला की मी आधी एवढंच विचारते, टेस्ट चालली होती का?