मुका कीबोर्ड

रत्नपाल सोनवणेला आयुष्यात दोनच कामं धड आली: कापड विणायचा साचा चालवणं आणि पेटी वाजवणं. साचा मिलबरोबर गेला. आता पेटीने तारलं तर तारलं, अशी वेळ आली होती.

आजोबा महूच्या पलटणीत, बाप मिलमध्ये आणि रत्नपाल सोळाव्या वर्षी बापामागोमाग त्याच शेडमध्ये. एका छपराखाली शेकडो साचे खडखडायचे. तिथे माणसं बोलायची ती हातांनी आणि ओठांनी. मूठ मागेपुढे हलवली की साचा चालू, पंजा आडवा फिरवला की बंद. हीच सवय घरी यायची. वस्तीत दोन मिलवाले ओट्यावर बसून एकमेकांच्या तोंडाकडे टक लावून ओरडत बोलायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट हळू बोलणारा माणूस आतल्या गाठीचा समजला जाई.

एक्क्याण्णव साली फाटकाला कुलूप लागलं. पुढच्या सात वर्षांत रत्नपालने हातगाडीवर पपया विकल्या, गोदामात पोती उचलली. पलासियाला एका कोचिंग क्लासच्या गेटवर वॉचमन म्हणून लागला, तर मालकाने महिन्याभरात काढून टाकलं. हॉर्न दिला तरी हा बाबा ढिम्म उठत नाही, ही तक्रार. हॉर्न दिलाच नाही, असं रत्नपाल गळा काढून सांगत राहिला. तो खोटं बोलत नव्हता, हेच त्यातलं वाईट.

जयंतीच्या कार्यक्रमात मात्र पेटीवर बसावं तर रत्नपालनेच. पेटीवर इतका वाकायचा की हनुवटी लाकडाला टेकायची. माणूस किती तल्लीन होतो, असं लोक म्हणायचे. अशाच एका कार्यक्रमात हृषीकेशने त्याला हेरलं. या पोराचा स्नेहलतागंजमध्ये एका खोलीचा स्टुडिओ होता, भिंतींना गाद्या ठोकलेला. तिथे गाण्यांच्या कॅसेटी तयार होत.

"पेटी आता कुणी विचारून नाही राहिलं, रत्नपालजी," त्याला तिथे बोलावून घेत हृषीकेश म्हणाला. "सगळं कम्प्युटरवर. पण तुमच्यासारखी बोटं मला पाहिजेत. हा कीबोर्ड कम्प्युटरला जोडा, कागदावर सगळं लिहिलंय. गाण्यातला बासरीचा तुकडा चार वाजेपर्यंत वाजवून ठेवला, तर काम पक्कं. नाही तर उद्या राजवाड्याकडचा एक कॉलेजवाला येणार आहे. आणि हां, कीबोर्ड स्वतः नाही वाजत. पट्टी दाबली की नुसती खबर जाते. आवाज कम्प्युटर काढतो, तो स्पीकरमधून येतो. टेन्शन नका घेऊ."

टेन्शन नका घेऊ म्हणणाऱ्याचं काय जातं? घरी बायको धम्मदीना चार घरची धुणी करून थकली होती आणि रत्नपालच्या वयाला दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं. ही शेवटची संधी आहे, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

हृषीकेश बाहेर गेला तसा स्टुडिओचं दार लोटून रत्नपाल कामाला लागला. आधी 'इन'मध्ये 'इन' आणि 'आऊट'मध्ये 'आऊट' अशा वायरी खोचल्या. काहीच हललं नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: इथून निघालेलं तिथे शिरलं पाहिजे, साच्यातल्या धोट्यासारखं. वायरींची अदलाबदल केली. पट्टी दाबताच पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकला. खबर पोचली होती! त्याला मनापासून आनंद झाला.

पण आवाज नाही. खालच्या पट्ट्यांवर काहीतरी घुमल्यासारखं वाटायचं, तो मनाशी म्हणाला, स्पीकर खरखरतोय. बासरीचा तुकडा होता तो वरच्या सुरांत, आणि तिथे सगळं सामसूम. कागद पुन्हा वाचला. यादीतून बासरी निवडली. स्पीकरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. वायरी काढल्या, फुंकल्या, पुन्हा लावल्या. कम्प्युटर बंद करून चालू केला. ठिपका इमानदारीत लुकलुकत राहिला. पेटीत सूर कसा बोटाला येतो, पट्टी थरथरते, लाकूड हनुवटीशी बोलतं. इथे बोटाखाली नुसतं थंड प्लॅस्टिक. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. शेवटी त्याने सर्वांत वरची पट्टी दाबली आणि दाबूनच धरली, जणू जोर लावला तर ऐकेल.

मागे काहीतरी हललं म्हणून त्याने वळून पाहिलं. धम्मदीना दारात उभी होती. डबा पायाशी ठेवलेला आणि दोन्ही हात कानांवर. तोंड वेडंवाकडं झालेलं.

"अहो, बंद करा ना," तिचे ओठ म्हणाले, "कान फाटून राहिले माझे."

रत्नपालने बोट उचललं. तिचे हात खाली आले. त्याने पट्टी पुन्हा दाबली. हात पुन्हा कानांवर गेले. तिसऱ्यांदा दाबली तेव्हा ती नवऱ्याकडे पाहतच राहिली. मग तिने एक हात खाली घेतला, मूठ वळली आणि हळूहळू मागेपुढे हलवली. साचा चालू.

मिलला कुलूप लागलं त्या दिवशीही रत्नपाल एवढा घाबरला नव्हता. कुलूप फाटकाला होतं, निदान दिसत तरी होतं. वॉचमनची नोकरी, तो हॉर्न, पेटीवर टेकलेली हनुवटी, सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं.

तेवढ्यात हृषीकेश आत आला. चेहरा खुललेला.

"वा, रत्नपालजी! जिन्यापर्यंत आवाज येऊन राहिला. जमवलंत की. चला, वाजवून दाखवा."

रत्नपालने ते त्याच्या ओठांवर वाचलं. बोटं पट्ट्यांवर ठेवली. तुकडा त्याला तोंडपाठ होता. आंधळेपणाने वाजवला असता तर कदाचित आजचा दिवस निभावलाही असता. पण उद्या गायक म्हणेल सूर थोडा खाली घ्या, परवा कुणी म्हणेल इथे चुकलं, तेव्हा तो कुणाच्या ओठांकडे बघणार होता? त्याने धम्मदीनाकडे पाहिलं. ती रडत होती.

"भिया," तो म्हणाला, "मला हे ऐकू येत नाही. बासरीतलं काहीच नाही."

हे वाक्य तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता, आणि मिलवाल्याच्या सवयीने ओरडून बोलत होता. काहीतरी करायचं म्हणून हृषीकेशने स्पीकरचा आवाज वाढवायला हात पुढे केला. बटण आधीच शेवटपर्यंत फिरवलेलं होतं.