झाडूची काडी

समोरच्या गच्चीवर डांबर तापवतायत. त्या वासाने मी पुन्हा अंधेरीच्या चाळीत, कौलांवर जाऊन बसलो.

मालक छप्पर दुरुस्त करीना. त्याला मी आजही शिव्या देतो. कौलं शाकारणाऱ्याला घासाघीस करून मीच हाकललं होतं. म्हणून स्वतःच चढलो. खाली सुशीला, माझी बायको, सातव्या महिन्यात, स्टुलावर उभी. उजेड दिसेल त्या फटीतून ती झाडूची काडी वर काढायची, मी तिथे डांबर भरायचो.

"अहो, चक्कर येतेय. उतरू?"

"नाटकं नकोत! एवढी शेवटची दाखव."

काडी वर आली आणि पटकन आत गेली. खाली काहीतरी आपटलं. वाटलं, हिने रागाने स्टूल लोटलं. मी सावकाश डांबर भरलं, मगच उतरलो.

मूल गेलं. आठवड्याने दवाखान्यातून आल्यावर सुशीलाने छताकडे बघत विचारलं, "बुजली का हो ती फट?"

पक्की बुजली होती.