मधला उतार

आधीच सांगते, भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. काडीचा विश्वास नव्हता...

मी नाशिक रोडला राहते. नऊ वर्षं आपल्याकडची माणसं सहलीला नेते. त्याच तक्रारी, तेच खिडकीच्या सीटवरून रुसवे. खरं सांगू? दमलेय मी.

या जानेवारीत गुलमर्गला होतो. तिथे स्कीइंगला खाली नवशिक्यांचा सपाट पट्टा, त्यावर ज्यांना थांबता येतं त्यांचा मधला उतार, आणि अगदी वरचा फक्त मुरलेल्यांचा. माझा नियम ठरलेला – आपली माणसं पहिले दोन दिवस खालीच.

पण आपल्या नाशिककरांना एक खोड आहे. गड चढला म्हणजे कुठलाही डोंगर आपलाच! ग्रुपमधले त्रेसष्ट वर्षांचे कुलकर्णी काका मागेच लागले. "मॅडम, हरिहरच्या पायऱ्या चढलोय मी. इथे पोराटोरांत काय घसरायचं?" तासभर डोकं खाल्लं. शेवटी मीच म्हणाले, "जा काका, जा मधल्या उतारावर." इन्स्ट्रक्टरला सोबत पाठवायचाही मी कंटाळा केला.

अकरा वाजता धुकं उतरलं. काका दिसेनात. इन्स्ट्रक्टर वर धावला. मी खाली कुलकर्णी काकूंचा हात धरून उभी. माणूस गेला तर तो माझ्यामुळे, एवढंच डोक्यात.

वीस मिनिटांनी काका इन्स्ट्रक्टरबरोबर चालत आले. पांढरेफटक.

"थांबताच येईना हो... हद्दीच्या झेंड्यांपलीकडे दरीकडे चाललो होतो. मागून कुणीतरी जाकीट धरून पाडलं. म्हातारा, पांढरी टोपी, पायात रबरी चपला. मराठीत बोलला! 'इथून नको भाऊ, लय खोल हाय.' आणि म्हणाला, 'ठकूला सांगा, दमली आसंल तर बस म्हनावं जरा. पन मानसं अशी सोडू नको.' मॅडम, ही ठकू कोण?"

ग्रुपला मी वैशाली म्हणूनच माहीत. ठकू म्हणायचे ते फक्त दादा, माझे वडील. घोटीच्या भाताच्या गिरणीत जन्म गेला त्यांचा, बर्फ कधी पाहिला नाही. जाऊन अकरा वर्षं झाली.

इन्स्ट्रक्टर म्हणाला, काका कड्यापासून चार हातांवर पडले होते. आजूबाजूला दुसऱ्या कुणाचं पाऊल नव्हतं.

थंडीने भास झाला म्हणाल, तर झाला असेल. पण ते नाव काकांना कुठून कळलं?

मी काकूंची माफी मागितली. मग तिथेच बर्फात बसले आणि पोटभर रडले. दादांनी बस म्हटलं होतं ना...