खेकड्यांचा श्रावण

"पोट बघ आधी," असं म्हणत आत्या खेकडा पाठीकडून उचलायची, अंगठ्याने उलटा करायची आणि एका नजरेत निकाल लावायची. पोटावरचं झाकण निमुळतं असलं की नर, तो पाटीत. झाकण रुंद असलं की मादी, मग नखाने ते जरासं उचलून ती आत डोकवायची. आत काही नसलं तर तीही पाटीत. अंडी किंवा पिल्लं असली तर मात्र ती खेकडी आणणाऱ्याच्याच हातात परत. "जिथनं काढलीस तिथं ठिवून ये. मी हितंच हाय." आणि तो माणूस जाऊन येईपर्यंत ती खरंच तिथे उभी राहायची.

ती माझी नात्याने कुणी नव्हती. मोशीच्या वरच्या अंगाला इंद्रायणीच्या काठी आमचं गाव. तिथे भोयांची चार घरं होती, त्यांतल्या एका घरातली ही बाई. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक चाकणला दिलेली. सगळं गाव आत्या म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचो.

ती स्वतः खेकडे धरत नसे. शेतमजूर, ठाकर, गावातली रिकामी पोरं नदीच्या कपारीतून आणि ओढ्याच्या बिळांतून धरून आणायची आणि ती घ्यायची. वर ओलं पोतं टाकलेली पाटी डोक्यावर घेऊन ती पहाटे निघायची ती पिंपरीला. पन्नास सालानंतर तिथे कारखाना उभा राहिला होता, कामगारांची वसाहत झाली होती. कोकणातून आलेल्या बाया पाटी उतरायच्या आधीच दारात यायच्या. एक कोकणी बाई दर खेपेला विचारायची, "गाभोळीची नाही का हो एखादी?" आत्याचं उत्तरही ठरलेलं असे. "गाभोळीची आज खाल्लीस, तर पुढल्या साली तुझ्या दारात काय दगड घिऊन येऊ?"

गावात खेकड्यांना दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. ती जे घेणार नाही ते धरून कुणाला उपयोगच नसे. नदीवर एवढा एकच कायदा होता आणि तो तिच्या अंगठ्यात होता.

आता माझं सांगतो. मी गावच्या पंचायतीचा चिटणीस. फायनल पास, अक्षर मोत्यासारखं, आणि त्या अक्षराचा मला नको इतका गर्व. आमचं घर माळकरी. शेजारी खेकडे शिजल्याचा वास आला तरी आई खिडकी लावून घ्यायची. आत्याला हे ठाऊक होतं, म्हणून ती मुद्दाम माझ्यासमोर एखादा नांग्या उगारलेला खेकडा जमिनीवर सोडायची. मी धोतर सावरत ओट्यावर चढलो की म्हणायची, "भिऊ नगं बाबा, त्याला म्हाईत हाय तू माळकरी हाईस ते. तुला न्हाई चावायचा."

मग एका उन्हाळ्यात पुण्याचा एक व्यापारी लॉरी घेऊन नदीवर आला. त्याला नर-मादी, लहान-मोठा काही फरक नव्हता. पोत्यात भरायचं आणि न्यायचं. आत्याने परत केलेली खेकडी लोक आता कपारीत ठेवत नव्हते, थेट लॉरीत टाकत होते. दुसऱ्या वर्षी पाटी अर्धीच भरू लागली. आत्या तडक माझ्याकडे आली.

"बाबा, तुमी कायदा करता नव्हं?"

"कशाचा?"

"खेकडीचा. लई काय न्हाई मागत. मिरीग लागायच्या आधी पंधरा दिस धरून, आखाड सरंस्तोवर नदीत हात घालायचा न्हाई. तवा तिच्या पोटाशी पिल्लं असत्यात. त्यानंतर काय बी धरा. कर की एवढं."

मी तिचा अर्ज लिहिला. तिने सांगितलं तसाच, शब्दही इकडचा तिकडे न करता. खाली तिचा अंगठा घेतला. तोच अंगठा.

आता पंचायतीची बैठक ऐका. सहा पंच, त्यांतले चार माळकरी. खेकडा ताटात तर सोडाच, हातातसुद्धा कधी न घेतलेले. अर्जदार बाई असल्यामुळे ती बाहेर पायरीवर. अर्ज वाचला तसे सगळे आधी पोट धरून हसले. मग लॉरीवाला गावाला न विचारता नदी उपसतोय, या मुद्द्यावर चिडले. बंदी घालायची हे ठरलं. पण आखाडात? आखाडात जावई येतो, पाहुणे येतात, पुढे श्रावण लागणार म्हणून माणसं चार दिवस तोंडाला चव आणून घेतात. खाणारे जे दोन पंच होते ते कळवळले. तेव्हा सरपंचांनी, जे देहूची एकादशी चुकवत नसत, मोठा शहाणा तोडगा काढला.

"श्रावणात बंदी घाला की. तसं बी कोन खात न्हाई. कायदा झाला आनि कुनाला तरास बी न्हाई."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ठाऊक होतं, वाचकहो. आत्याचा अर्ज माझ्या हातात होता, त्यात महिने लिहिलेले होते, आणि ते मीच लिहिलेले होते. पण सरपंच बोलले होते आणि मी पगारी माणूस होतो. शिवाय मनात आलं, महिना तो महिना, काहीतरी तर झालं. मी मूग गिळून बसलो आणि माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'श्रावण मासी नदीतून खेकडे धरणे, जवळ बाळगणे व विकणे यांस सक्त मनाई आहे.' 'जवळ बाळगणे' हे माझं स्वतःचं. कायद्याला वजन यावं म्हणून घातलेलं.

बाहेर येऊन मी मोठ्या तोऱ्यात आत्याला सांगितलं.

"सरावनात?"

"हो. पूर्ण महिना."

"सरावन तुमी पाळता. खेकडी पाळती व्हय?"

आजही हे आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तिच्यावर नाही, माझ्यावर आणि त्या सहा जणांवर. स्वतःच्या उपासाचा महिना आम्ही नदीला लावला होता. आपण जेव्हा खात नाही तेव्हा जीव वाचतो, इतकी आमची अक्कल!

पुढे जे व्हायचं तेच झालं. कोतवालाने दवंडी दिली, श्रावणापासून बंदी. लोकांनी ऐकलं ते असं, की जे धरायचं ते श्रावणाआधी धरा. एरवी नदीकडे न फिरकणारी माणसंही आखाडात पोती घेऊन उतरली. लॉरी दिवसातून दोनदा येऊ लागली. आत्या घाटावर उभी राहून एकेकाच्या पोत्यात हात घालत होती, उलटं करून पाहत होती, पाण्यात सोडत होती. शेवटी एक तरुण गडी तापला.

"आत्या, कायद्यात कुठं लिवलंय आखाडात धरू नगा म्हून? बोलवा चिटनिसाला!"

मला बोलावलं. नदीकाठी, पन्नास माणसांपुढे, मी दप्तर उघडून माझाच नियम वाचला. गडी म्हणत होता ते बरोबर होतं. आखाडात धरायला मनाई नव्हती. मी तसं सांगितलं आणि मान वर केली नाही. पोत्यातला हात आत्याने काढून घेतला.

त्या दिवसापासून तिने पाण्यात सोडणं थांबवलं. सोडलेली खेकडी तासाभरात पुन्हा कुणाच्या तरी पोत्यात जात होती. तिने वेगळंच सुरू केलं. पिल्लंवाल्या माद्या ती लॉरीवाल्यापेक्षा चढा भाव देऊन घ्यायला लागली आणि घरामागे दोन रांजणांत, ओल्या पाल्यात ठेवायला लागली. गाव म्हणालं, आत्याचं डोकं फिरलं. मी विचारलं तर म्हणाली, "सरावन लागू दे. मग कोन धरनार न्हाई. तुझा कायदा हाय नव्हं? तवा सोडते समद्यास्नी. कायतरी कामाला येऊ दे तुझं लिवनं."

ज्या नियमाने तिचा घात केला होता, त्याच्यावर गावात विश्वास ठेवणारी ती एकटीच होती.

दिव्यांची अवस झाली. श्रावणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाटी डोक्यावर घेऊन नदीकडे निघाली, आणि वाटेत कोतवालाने तिला अडवलं. श्रावण महिना, पाटीत खेकडे. जवळ बाळगणे! आखाडभर पोती भरभरून नेली त्यांच्यापैकी एकावरही बोट ठेवता आलं नव्हतं, आणि त्या नियमाखाली सापडलेली पहिली व्यक्ती ही.

तिला माझ्यासमोर आणलं. ती हात जोडून म्हणाली, "बाबा, आधी सोडून येऊ दे. मग काय लिवायचं ते लिव. मी कुटं पळत न्हाई."

नदी तिथून हाकेच्या अंतरावर होती. मी काय म्हणालो सांगू? "आत्या, हा मुद्देमाल आहे. बैठक होईपर्यंत हलवता येत नाही." हे मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून सहज निघाले. पाटीतले खेकडे पोत्यात भरून, तोंड बांधून, दप्तरखान्याच्या कोपऱ्यात ठेवले. बैठक आठ दिवसांनी होती.

पहिले तीन दिवस पोत्यातून खरखर ऐकू यायची. मी कामात लक्ष घालायचो. मग खरखर थांबली आणि वास सुटला.

बैठकीला पंच उपरणी नाकाला लावून बसले. आत्याला या वेळी आत बोलावलं, कारण आता ती अर्जदार नव्हती, आरोपी होती. सरपंचांनी विचारलं, "काय सांगायचं हाय तुला?"

तिने कोपऱ्यातलं पोतं सोडलं, आतून एक मेलेली खेकडी काढली आणि टेबलावर आणून ठेवली, माझ्या उघड्या नोंदवहीवर, नियम लिहिलेल्या पानावर. अंगठ्याने उलटी केली. नखाने झाकण वर केलं.

"पोट बघा आधी," ती म्हणाली.

माळकऱ्यांनी पाय वर घेतले. सरपंच खिडकीबाहेर पाहू लागले. एकानेही पाहिलं नाही. मी पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मुगाएवढी पिल्लं, नांग्या, पाय सगळं घडलेलं, एकमेकांना चिकटून बसलेली आणि सगळी मेलेली. मोजता आली नसती इतकी.

पंचांनी तिला समज देऊन सोडलं आणि आपण फार दया दाखवली असं एकमेकांना सांगत चहा घेतला. महिन्याभरात ती घर बंद करून लेकीकडे चाकणला निघून गेली. जाताना मला भेटली नाही आणि जप्त केलेली पाटीही तिने मागितली नाही.

पुढच्या वर्षी मी नियम दुरुस्त करून घेतला. मृगाआधी पंधरा दिवस ते आषाढ अखेर, तिच्या अर्जातले शब्द जसेच्या तसे. 'जवळ बाळगणे' खोडलं. सरपंचांनी न वाचता सही केली. त्यांनाही आता हरकत नव्हती, कारण लॉरी यायची बंद झाली होती. नदीत न्यायला काही उरलंच नव्हतं.

हे सांगायला मी चाकणला गेलो. लेकीने दारातच सांगितलं की आत्या माघातच गेली. मी खिशातली नव्या नियमाची नक्कल बाहेर काढलीच नाही.

ती नोंदवही अजून माझ्याकडे आहे. जुन्या नियमाच्या पानावर खेकडी ठेवली होती तिथे तळहाताएवढा पिवळा डाग पडला आहे. माझं अक्षर त्याखाली फुटलंय, पण 'श्रावण मासी' एवढं अजून वाचता येतं.